बारावीनंतरचं कॉलेज : काय तपासायचं, कोणत्या क्रमाने (मराठवाड्यातल्या विद्यार्थी-पालकांसाठी)

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या चौकात कॉलेजांचे फ्लेक्स लागतात आणि घरी कुणीतरी 'ओळखीचा माणूस' येतो. फ्लेक्सवर टॉपरचे फोटो असतात. ओळखीचा माणूस म्हणतो, "दहा हजार देऊन सीट बुक करून टाका, नंतर मिळणार नाही." दोघांनाही थोडं थांबवा. मार्क कमी पडून जशी जागा जाते, तशी कागद कमी पडूनही जाते, आणि पैशाचा हिशेब चुकला तर मिळालेली जागा दुसऱ्या वर्षी सोडावी लागते. म्हणून खालचा क्रम कागदापासून सुरू होतो. कॉलेजचं नाव त्यात बरंच नंतर येतं.

हे मुख्यतः इंजिनीअरिंगला आणि बीए, बीकॉम, बीएस्सी, बीसीए अशा पदवीला जाणाऱ्यांसाठी आहे. नीटवाल्यांची प्रवेशप्रक्रिया वेगळी, पण पहिली आणि पाचवी पायरी त्यांनाही तशीच लागू आहे.

१. कागदपत्रं : बारावीच्या दिवाळीआधी

निकालानंतर सेतू केंद्रासमोर लागणारी रांग टाळायची असेल तर हे सगळं सहा महिने आधी हातात हवं :

- दहावी-बारावीची गुणपत्रकं (बारावीचं निकालानंतर)
- टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला
- डोमिसाइल आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
- नॉन-क्रिमीलेअर (ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी यांना)
- ईडब्ल्यूएस दाखला (इतर आरक्षण नसलेल्यांना)
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- आधार, आणि आधारशी जोडलेलं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं
- मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र

यातला सगळ्यात वेळखाऊ कागद म्हणजे जात वैधता. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात, पण वैधता जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती (अनुसूचित जमातींसाठी वेगळी समिती) देते आणि तिला पुरावे जुने लागतात : अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आपल्याकडची अडचण अशी की १९४८ पर्यंतचा काळ निजामाचा. महसुली आणि शाळेच्या नोंदी बऱ्याचदा उर्दूत, काही मोडीत. त्या तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढायच्या, भाषांतर करून घ्यायचं, आणि मग जोडायच्या. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, खासरा पाहणी पत्रक, यापैकी जे सापडेल ते आधी शोधा. वडील, काका, आत्या यांच्यापैकी कुणाची वैधता आधी झालेली असेल तर काम बरंच हलकं होतं. अर्ज अकरावी-बारावीत असताना कॉलेजच्या शिफारशीसह करायचा असतो, म्हणून बारावी संपेपर्यंत थांबणं परवडत नाही.

नेहमी अडणाऱ्या बारीक गोष्टी :

टीसीवर जन्मठिकाण तालुका-जिल्ह्यासह आहे का, राष्ट्रीयत्व 'भारतीय' लिहिलंय का, जात लिहिताना पोटजात वेगळी पडली आहे का, हे आत्ताच पाहा. दुरुस्ती मूळ शाळेतूनच होते, आणि मे महिन्यात शाळेत शिक्षक नसतात.

नॉन-क्रिमीलेअरची मुदत तपासा. मुदत दाखल्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते. मागच्या वर्षी बहिणीसाठी काढलेला चालेल असं समजून अनेक जण फसतात. ईडब्ल्यूएसचंही तसंच, तो ज्या आर्थिक वर्षासाठी मागितला आहे त्याच वर्षाचा हवा.

आधारवर 'बालाजी', दहावीच्या गुणपत्रकावर 'बालाजीराव', बँकेत आडनाव आधी : हे तीन ठिकाणचं नाव एकसारखं करा. मार्कशीट बदलणं अवघड, आधार बदलणं सोपं. म्हणून आधार दहावीच्या मार्कशीटप्रमाणे करून घ्या.

वैधता किंवा नॉन-क्रिमीलेअर हातात नसेल तर अर्ज केल्याची पावती जोडून नोंदणी करता येते, पण ठरलेल्या तारखेला मूळ कागद नसेल तर अर्ज खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. सरकार काही वेळा मुदतवाढ देतं. ती यंदाही मिळेल असं धरून चालू नका.

२. तुमचं होम युनिव्हर्सिटी कोणतं ते आधी ठरवा

इंजिनीअरिंगच्या कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत, बहुतेक कॉलेजांच्या जागा ७० टक्के होम युनिव्हर्सिटीच्या आणि ३० टक्के बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे; नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे. नांदेडचं विद्यापीठ १९९४ साली वेगळं झालं, तेव्हापासून मराठवाड्याचे हे दोन भाग.

आता यातली मेख. होम युनिव्हर्सिटी तुमच्या गावावरून ठरत नाही, बारावी जिथून झाली त्या कॉलेजच्या जिल्ह्यावरून ठरतं. केज किंवा कळंबचा मुलगा अकरावी-बारावीला लातूरला गेला, तर त्याचं होम युनिव्हर्सिटी नांदेडचं होतं. घर बीड किंवा धाराशिव जिल्ह्यात असलं तरी संभाजीनगरच्या खासगी कॉलेजात तो 'बाहेरचा'. हे वाईटच असं नाही, पण कटऑफ कोणत्या रकान्यातला वाचायचा ते यावर ठरतं.

मेडिकलचा विभागवार ७०:३० कोटा सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. त्यामुळे 'आता सगळीकडे सगळ्यांना सारखंच' असं पालक म्हणतात. इंजिनीअरिंगचा नियम त्याच्याशी जोडलेला नाही. तो दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचून घ्या.

३. कटऑफ वाचायला शिका

प्रवेशपरीक्षा आणि कॅप चालवणारा राज्य सीईटी कक्ष प्रत्येक फेरीचा कटऑफ प्रसिद्ध करतो. त्यातला जागेचा संकेत असा वाचा : पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची राखीव जागा. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तरीय. भटक्यांच्या गटात एनटी-१ म्हणजे एनटी-बी, एनटी-२ म्हणजे एनटी-सी, एनटी-३ म्हणजे एनटी-डी. धनगर समाजाच्या मुलाने एनटी-३ चा रकाना वाचून यादी केली की पुढचं सगळंच चुकतं.

तुलना पर्सेंटाइलची करा, मेरिट नंबरची नको. अर्जदार वाढले की नंबर घसरतो. किमान दोन वर्षांचा कटऑफ शेजारी ठेवा आणि पहिल्या फेरीसोबत शेवटच्या फेरीचाही पाहा. कटऑफ किती खाली सरकतो ते तिथेच कळतं.

४. घरबसल्या कॉलेजची झडती

कॉलेजला जाण्याआधी मोबाइलवर एवढं करा.

संलग्नता पाहा. मराठवाड्यातली अनेक इंजिनीअरिंग कॉलेजं संभाजीनगर किंवा नांदेडच्या नव्हे, तर लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. पदवी त्या विद्यापीठाची, वेळापत्रक आणि निकाल त्याच्या हातात. काही कॉलेजं स्वायत्त आहेत, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या स्वतःच्या. आणि काही जुनी ओळखीची कॉलेजं आता खासगी विद्यापीठाचा भाग झाली आहेत. तिथे फीचे आणि सवलतीचे नियम वेगळे, त्यामुळे 'मामाचा मुलगा तिथेच शिकला, त्याला स्कॉलरशिप होती' हे आज लागू होईलच असं नाही.

नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) श्रेणी पाहताना ती कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे ते बघा. फलकावर 'ए' लिहिलेलं असतं, मुदत संपून गेलेली असते. नॅकची श्रेणी संपूर्ण कॉलेजची, एनबीए हे तांत्रिक अभ्यासक्रमांचं मानांकन एकेका शाखेचं. कॉलेज 'एनबीए मानांकित' म्हणतं तेव्हा तुमची शाखा त्यात आहे का ते विचारा.

सगळ्यात कामाची गोष्ट शेवटी. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना आपली आकडेवारी स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या फाइलमध्ये किती विद्यार्थी दाखल झाले, किती जण ठरलेल्या वर्षांत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले आणि पगाराचा मध्यक (मीडियन) किती, हे ओळीने असतं. जाहिरातीत 'सर्वोच्च पॅकेज' असतं, ते एका विद्यार्थ्याचं. मध्यक म्हणजे नोकरी लागलेल्यांपैकी निम्म्या मुलांना याहून कमी मिळालं. कधीकधी नोकरी लागलेल्यांचा आकडा वर्गाच्या पावभरही नसतो. ही फाइल नसेल तर एआयसीटीईचं (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचं) 'मँडेटरी डिस्क्लोजर' शोधा. त्यात शिक्षकांची नावं, शिक्षण, रुजू झाल्याची तारीख असते. इंजिनीअरिंग पदवीला एआयसीटीईचं प्रमाण वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. एका शाखेत चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी असतील तर बारा शिक्षक हवेत. मोजा. सगळे गेल्या जुलैतच रुजू झालेले दिसले तर का, ते विचारा.

घराजवळ असून नजरेआड राहणाऱ्या संस्थाही यादीत घ्या : नांदेडचं १९८१ साली सुरू झालेलं श्री गुरू गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय, संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, जालन्यातला रसायन तंत्रज्ञान संस्थेचा कॅम्पस, परभणी कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय, तुळजापूरचा टाटा समाजविज्ञान संस्थेचा कॅम्पस, संभाजीनगरचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ. यांतल्या काहींची प्रवेशपरीक्षा एमएचटी-सीईटी नाही, त्यांचे अर्ज आधीच सुटतात आणि आधीच बंद होतात. पुण्याच्या मध्यम कॉलेजसाठी चार वर्षं खोलीभाडं भरण्याआधी ही यादी एकदा ताडून पाहावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

५. प्रत्यक्ष जा, पण 'ओपन डे'ला नको

सत्र चालू असताना, ऑगस्ट-सप्टेंबर किंवा फेब्रुवारीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला जा. म्हणजे बारावीच्या वर्षातच. निकालानंतर गेलात तर वर्ग रिकामेच दिसणार आणि सुट्टी आहे म्हणून सांगता येणार.

वर्गात मुलं आहेत का? वर्षभर रिकामं आणि परीक्षेला गर्दी, असलं कॉलेज ओळखायला पाच मिनिटं पुरतात. प्रयोगशाळेत यंत्रांवर धूळ आहे का, नोंदवहीत शेवटची नोंद कधीची आहे? ग्रंथालयात पुस्तक देवघेवीचं रजिस्टर बघायला मागा. मग कँटीनवर किंवा गेटबाहेरच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. पहिल्या वर्षाच्या मुलांना अजून काही माहीत नसतं. विचारायचं ते नेमकं : गेल्या सत्रात किती विषयांना कायमचे सर होते, प्रॅक्टिकल खरंच होतात की फाइल उतरवून घेतात, स्कॉलरशिपची फी आधी भरायला लावतात का, मूळ कागद परत देतात का.

वसतिगृह बघताना आपल्या भागात एक प्रश्न सगळ्यात आधी : एप्रिल-मेमध्ये पाणी कुठून येतं? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. बोअर, टँकर की नळ, दिवसाआड की आठवड्याला, प्यायला जार की आरओ, आणि टँकरचे पैसे मुलांकडून वेगळे घेतात का. मुलींच्या वसतिगृहात रेक्टर रात्री तिथेच राहतात का, आणि अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं फलकावर आहेत का, तेही पाहा.

येऊन-जाऊन शिकायचं असेल तर शेवटच्या तासाला सुटल्यावर गावाकडची एसटी मिळते का ते वेळापत्रकात नव्हे, स्टँडवर विचारा. अंबाजोगाईसारख्या ठिकाणी रेल्वे नाही, सगळी भिस्त बसवर. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. पदवीला गेल्यावर विद्यार्थी सवलतीचा मासिक पास काढावा लागतो, तो खर्च धरा.

६. पैशाचा हिशेब : चार वर्षांचा, एका वर्षाचा नाही

विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजवार असते. तिथल्या आकड्यापेक्षा जास्त मागितलं तर कशाचे, ते लेखी मागा. पावती नसेल तर पैसे देऊ नका.

फीमध्ये शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगळे असतात. राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीत, जिला सगळे ईबीसी म्हणतात, शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. समजा मंजूर फी ९०,००० आहे आणि त्यात शिक्षण शुल्क ७८,०००. सवलत ३९,००० ची, घरून भरायचे ५१,०००. 'निम्मी फी' ऐकून ४५,००० धरलेले असतात आणि इथेच पहिला खटका उडतो. त्यावर अनामत, गणवेश, परीक्षा, मेस, खोली.

मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय वाचा. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांपर्यंत भारत सरकार शिष्यवृत्ती, त्याहून जास्त उत्पन्न असेल तर फ्रीशिप (फीमाफी). हे सगळे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर.

टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी वेव्हर स्कीम) ही आणखी एक वाट. मंजूर जागांच्या ५ टक्के जादा जागा, ८ लाखांपर्यंत उत्पन्नवाल्यांना, शिक्षण शुल्क माफ. या जागांचा चॉइस कोड वेगळा असतो. तो पसंतीक्रमात स्वतंत्रपणे टाकावा लागतो, आणि नेमका तोच टाकायचा राहून जातो.

अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना शासकीय वसतिगृह मिळत नाही त्यांना स्वाधार योजना आहे : मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,०००, इतर महापालिका क्षेत्रात ५१,०००, इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. ओबीसी-भटक्यांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, आदिवासींसाठी स्वयंम. पैसे उशिरा येतात. पहिले आठ-दहा महिने घरूनच चालवायचे असं धरून नियोजन करा.

आणि ती 'दहा हजारात बुक' केलेली सीट. ती संस्थास्तरावरची, म्हणजे मॅनेजमेंट कोट्याची असते. तिच्यावर वरच्या बहुतेक सवलती मिळत नाहीत. कॅपमध्ये तीच शाखा, तेच कॉलेज मिळत असताना मुलं या जागेवर बसलेली असतात.

७. पसंतीक्रम भरणं

२०२५-२६ पासून चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी मिळाली तरी तसंच. नाकारलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर.

याचा अर्थ वरच्या सहा जागी मनापासून हवी तीच नावं लिहा. 'हे तर मिळेलच' म्हणून सोपं कॉलेज पहिलं टाकलं, की ते मिळतं आणि विषय संपतो. उलट, आवाक्याबाहेरचं कॉलेज वर टाकल्याने खालच्यांची संधी कमी होत नाही. यंत्रणा वरून खाली बघत येते आणि तुमच्या गुणांना बसणारं पहिलं देते. सुरुवातीला पर्सेंटाइलपेक्षा थोडे वरचे, मग बरोबरीचे, शेवटी खात्रीचे. खात्रीचे किमान पाच-सहा हवेतच, आणि तिथे खरंच जायची तयारी असेल तेच.

शाखा की कॉलेज? आवडती शाखा पण शिक्षकच नाहीत, यापेक्षा दुसऱ्या आवडीची शाखा आणि भरलेला स्टाफ बरा. फक्त ज्या शाखेचा मुलाला तिटकारा आहे ती शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून टाकू नका.

नेट कॅफेत फॉर्म भरला तरी मोबाइल नंबर आणि ईमेल घरचाच द्या. ओटीपी कॅफेवाल्याच्या फोनवर जात असेल तर तुमचा अर्ज त्याच्या हातात आहे. फॉर्म कन्फर्म केल्यावर प्रिंट काढून प्रत्येक कोड घरी पुन्हा जुळवा.

८. साध्या पदवीला जाणाऱ्यांसाठी

एकाच इमारतीत बीएस्सी अनुदानित आणि बीसीए विनाअनुदानित असू शकतं. फी वेगळी, शिक्षकही वेगळे. विनाअनुदानित तुकडीला बहुतेक तासिका तत्त्वावरचे शिक्षक असतात. ते वाईट शिकवतात असं नाही, पण वर्षाच्या मधे बदलतात. म्हणून 'हा अभ्यासक्रम अनुदानित आहे का' असं विचारा, 'कॉलेज अनुदानित आहे का' असं नाही.

बीबीए-बीसीए २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि त्यांना सीईटी लागू झाली. काही कॉलेजांनी नाव बदलून मिळतेजुळते अभ्यासक्रम चालू ठेवले. प्रवेशाआधी पदवीवर नेमकं काय छापून येणार ते विद्यापीठाच्या संलग्नता यादीत पाहा. मुख्य आणि गौण विषयांच्या कोणत्या जोड्या त्या कॉलेजात खरोखर शिकवल्या जातात हेही विचारा. माहितीपत्रकात दहा असतात, शिक्षक तिघांचेच असतात.

९. प्रवेश झाल्यावर, आणि रद्द करताना

मूळ कागद पडताळून परत द्यायचे, हा यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आणि एआयसीटीईचा नियम आहे. अडवून ठेवणारं कॉलेज तुम्हाला जाऊ देणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. टीसी मात्र जमा होते, तिच्या रंगीत झेरॉक्स आणि स्कॅन आधीच काढून ठेवा.

प्रवेश मिळाल्या आठवड्यात महाडीबीटीचा अर्ज भरा आणि बँक खातं आधारशी एनपीसीआयमध्ये (आधारवरून सरकारी पैसे खात्यात वळवणाऱ्या यंत्रणेत) जोडलंय का ते बँकेत विचारा. केवायसी झालं म्हणजे जोडणी झाली असं नसतं. रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२ वर कधीही करता येते.

कॅपचा प्रवेश रद्द करायचा तर कार्यालयात तोंडी सांगून भागत नाही. स्वतःच्या लॉगिनमधून रद्द करा आणि त्याची प्रत कॉलेजात द्या. ठरलेल्या तारखेआत केल्यास १,००० रुपये वजा जाता फी परत मिळते. साध्या पदवीला यूजीसीचं प्रमाण असं : प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी (फार तर ५ टक्के, तेही ५,००० च्या आत कापता येतात), पंधरा दिवसांपेक्षा कमी उरले असताना ९० टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांत ८० टक्के, तीस दिवसांत ५० टक्के, त्यानंतर काही नाही. अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर तारखेसह आवकचा शिक्का घेऊनच बाहेर पडा.